बबनची खुर्ची, बबनलाच वाटप

मारुतीच्या देवळाचं गेट. शाळेच्या हापशाचा दांडा. निम्म्या गावाच्या ट्रॉल्यांचे हूक. बबनची खुर्ची. आणि परवा, बबनची तिरडी.

एवढं मी माझ्या हातानं केलेलं आहे.

बबन मेला. "देवाज्ञा झाली" असलं काही मी लिहिणार नाही. देवाचा यात संबंध नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर. मी नापास होऊन वेल्डिंगला लागलो. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. तो कोयता घेऊन कारखान्यावर जायला लागला. तिथं उसानं भरलेल्या ट्रॉलीवरून पडला आणि कमरेखालचा सगळा गेला.

मग बाज. बाहेर न्यायचं तर वैनी उचलून न्यायच्या.

त्याला एकच गोष्ट पाहिजे होती.

"मला संडासला एकट्याला जायचंय बे. बायकूनं धरायला मी काय तान्हं लेकरू हाय?"

पंचायत समितीत दिव्यांगांच्या चाकाच्या खुर्चीसाठी अर्ज केला. मंजूर झाला. खुर्ची काही आली नाही.

म्हणून मी केली.

दुकानातल्या रेक्झिनच्या खुर्चीसारखी नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या. दोन पट्ट्यांमध्ये एक बोट फट, वारं लागावं म्हणून. ज्याला कमरेखाली कळत नाही त्याची कातडी एका जागी दाबली की सडते. हे मी आधी दवाखान्यातल्या सिस्टरला विचारून घेतलं होतं.

बैठकीची उंची त्याच्या बाजेएवढी. सुताचाही फरक नाही. हातावर जोर दिला की बाजेवरून थेट खुर्चीत. दुसऱ्याच्या बाजेला ती लागणारच नाही.

पहिल्या दिवशी एकटा गेला आणि आतून कडी लावून घेतली.

वैनी बाहेरून विचारतायत, "काय झालं? कावून बोलंना?"

आतून म्हणाला, "कायबी झालं न्हाई. मला भाईर यायचंच न्हाई."

पुढं कपिलधारला नेला. धबधब्याखाली खुर्चीसकट भिजला. खुर्चीला काही झालं नाही. होणारच नव्हतं.

मग पंचायत समितीचा खुर्च्या वाटपाचा कार्यक्रम ठरला.

नेत्यांची तारीख मिळाली. सरकारी खुर्च्या मिळाल्या नाहीत. तारीख बदलणं कुणाच्या बापाच्या हातात नव्हतं.

एक अधिकारी बबनच्या घरी आले. मी तिथंच होतो.

"मिस्तरी, ही खुर्ची दोन दिवस द्या. स्टेजवर बबनरावांनाच देतो. साहेबांच्या हस्ते."

बबन म्हणाला, "माजीच खुर्ची, मलाच?"

"फोटोपुरतं हो. नाहीतर मंजुरी परत जाईल. मग सरकारी पण नाही."

बबन हसला. मला म्हणाला, "दे बे. फुकटात हार भेटतोय."

चौघांनी उचलून त्याला स्टेजवर नेला. खुर्चीच्या पाठीला नेत्यांच्या चेहऱ्याचं स्टिकर. माझ्या वेल्डवर. हार, टाळ्या, फोटो.

फोटो झाला आणि त्याच चौघांनी त्याला खाली सतरंजीवर ठेवला. संध्याकाळी दुसऱ्या गावात कार्यक्रम होता. तिथंही खुर्च्या आलेल्या नव्हत्या. बबनची खुर्ची टेम्पोत चढली.

बबनला आम्ही सतरंजीची झोळी करून घरी आणला.

"दोन दिवसांत आणून देतो."

दोन दिवसांनी फोन केला. "अजून दोन दिवस." परत केला. परत तेच. खुर्ची गावोगाव फिरत होती. प्रत्येक स्टेजवर नवा माणूस, तीच खुर्ची.

बबन गोधडीवर पडून. वैनी सकाळी खुरपायला जायच्या, संध्याकाळी येऊन कूस बदलायच्या. दिवसभराचं काय?

मी ऑफिसात गेलो.

अधिकारी म्हणाले, "मिस्तरी, बबनरावांना खुर्ची मिळालेली आहे."

"मिळाली तर कुठाय?"

"फोटो आहे ना."

घरी येऊन दुसरी करायला घेतली. ती झाली तेव्हा बबनच्या माकडहाडावर जखम उघडी पडली होती. आत हाड दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, आता याला बसवायचं नाही.

खुर्ची तयार. माणूस बसायच्या कामाचा नाही.

बबनला दुखत नव्हतं, कळतच नव्हतं. वास मात्र येत होता. मला म्हणाला, "लई घाण येतीय का बे? खरं सांग."

मी म्हणालो, "येतीय."

त्याच्याशी मी कधी खोटं बोललो नाही.

जखमेचं विष अंगात पसरलं आणि परवा पहाटे गेला.

खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. कार्यक्रमाच्या फोटोला लाइक तुम्हीच केलं होतं. "सामान्यांचा आधार" असं लिहिलं होतं. मी नावं वाचलेली आहेत.

आज राख सावडून बबनच्या घरी आलो, तर दारात टेम्पो. अधिकारी खुर्ची परत घेऊन आले होते. स्टिकर तसंच. वैनींना म्हणाले, वाईट झालं. मग मला बाजूला घेतलं.

साहेबांना खुर्ची लई आवडलीय. पूर्ण तालुक्यासाठी करायच्या. अट एकच, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर साहेबांचा चेहरा. स्टिकर नको, कायमचा रंगवलेला.

वैनींनी ऐकलं.

"भावजी, घ्या काम. कुणाची तरी कातडी वाचंल. चेहरा मागं असतोय, बसणाऱ्याला कुठं दिसतोय?"

वैनींचं बरोबर आहे. माझ्या नकारामुळं या तालुक्यातली माणसं रेक्झिनवर बसतील. काहींचं बबनसारखंच होईल. हे मला माहीत आहे, आणि माहीत असून मी नाही म्हणालो.

बबन, माझा शेवटचा रामराम घे.

मी काय नाकारलं तेही लिहून ठेवतो, म्हणजे गावाला अंदाज बांधत बसायला नको. चाळीस खुर्च्या, एकीला बारा हजार. चार लाख ऐंशी हजार रुपये.