भाऊजींच्या गाडीपुढचा दगड

कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कुणाचं धोतर कुठल्या बांधावर सुटलं, हे सगळं सांगायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. पण ही एक गोष्ट — ही मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही काही माझ्या नात्यातले नाही.

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, शिळफाट्याला ट्रकच्या बॉड्या बांधायचे. एकदा घाटाखाली एक विलायती गाडी बंद पडली. बिनछपराची, दोन माणसांची, नाक हे एवढं लांब. ती दुरुस्त होईपर्यंत भाऊजींनी वितीने तिची मापं घेतली आणि मग मोडीतल्या टॅक्सीवर तशीच एक घडवायला घेतली. दोन वर्षं लागली. सागाचा सांगाडा, वर हाताने ठोकलेला पत्रा. मागे मात्र ट्रकवर रंगवतात तसं कमळ. बिनकमळाची बॉडी दारातून बाहेर काढायची नाय, म्हणाले.

दिवाळीला गाडी कडावला आमच्याकडे आली. मुंबईचे एक शेठ ती बघायला येणार होते. पसंत पडली तर तशीच दुसरी बांधून घेणार — म्हणजे भाऊजींचं ट्रकचं काम सुटणार. शिवाय कर्जतहून फोटोवाला येणार होता.

सगळी चूक त्या फोटोची. की माझ्या केसांची?

आमच्या दारात उतार. भाऊजींनी हँडब्रेक ओढला आणि घाटातल्या रिवाजाप्रमाणे पुढच्या चाकाला दगड लावला. मंडळी आत फराळाला बसली. मी भांग पाडून गाडीत जाऊन बसलो — फोटोत कसा दिसेन ते बघायला. तो दगड डोळ्यांत खुपत होता. विलायती गाडी आणि पुढे धोंडा? मी उतरून तो काढला. परत बसलो. मग वाटलं, गाडी चालवतोय असं दिसायला हवं. म्हणून ब्रेकही सोडला.

मला गाडी चालवता येत नव्हती. अजूनही येत नाही.

चिंचेचं झाड जवळच होतं, हे बरं झालं. मला काही झालं नाही. नाक मात्र — दोन वर्षांचं ते नाक — दुमडलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मंडळी बाहेर येईपर्यंत मी काय केलं असेल? ब्रेक परत ओढला. दगड होता तिथे नेऊन ठेवला. आणि म्हणालो, "मी ओट्यावर होतो. गाडी आपोआप दगडावरून गेली."

भाऊजींनी ब्रेक बघितला, दगड बघितला.

शेठ आले, त्यांना नाकाचं काही वाटलं नाही. दुसरी गाडी बांधायला सांगतो म्हणाले. तेव्हा भाऊजीच म्हणाले, "नको शेठ. नाक ठोकून देता येतं. पण ब्रेक मी बसवलेला, नि त्याचाच भरवसा नाय. माणूस बसायचा हाय तीत."

मी शेजारीच उभा होतो. भांग जागच्या जागी.

भाऊजी ट्रककडे परत गेले. आता म्हातारे झालेत. दिवाळीला टेंपोतून येतात, दारात लावतात आणि चाकाला दोन दगड घालतात. एकाचा भरवसा नाय, म्हणतात.

दुसरा दगड मी आणून देतो.