पुडी न देणारे शेटजी

डॉक्टरांची साखरेची गोळी चालू असताना मी नवऱ्याला गुपचूप चिनी मुळी खाऊ घातली, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा; आणि जुन्नरच्या पेठेतले काष्ठौषधीवाले शेटजी म्हणजे जगातले एकमेव दुकानदार, ज्यांना माल न विकण्यात सुख वाटायचं. या दोन गोष्टींची गाठ एका रविवारी, बाजाराच्या दिवशी पडली.

शेटजी मूळचे राजस्थानातले जैन, पण चार पिढ्या इथल्याच. जमिनीखालचा कांदा-बटाटा जन्मात तोंडात घातला नाही, पण कुठलीही सुकी मुळी हुंगून तिची सात पिढ्यांची माहिती सांगायचे. गिऱ्हाइकानं पुडी मागितली की आधी सावकाश चष्मा पुसायचा, मग विचारायचं, "कोणासाठी? गोळ्या कोणत्या चालू आहेत? पोटात काय आहे?" शिनोलीच्या एका गृहस्थाला अश्वगंधा हवी होती, त्याला म्हणाले, "डॉक्टरची चिठ्ठी आणा." तो तणतणत गेला आणि पुढच्या बाजारी घरातले होते नव्हते ते कागद पिशवीत कोंबून घेऊन आला. शेटजींनी एकेक वाचला, लाइटबिलसुद्धा, आणि म्हणाले, "चहा घ्या. अश्वगंधा नको." खोकल्याला ज्येष्ठमध मागणाऱ्या एका म्हातारीला बीपीच्या गोळीवरून अडवलं, तेव्हा ती कडाडली, "दुकान कशाला काढलंस रं शेट? शाळा काढायची व्हती!"

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. साखर निघाल्यापासून आमचे हे बोरीतल्या घराच्या ओट्यावर नुसते बसून असायचे, मळ्याकडे फिरकायचे नाहीत. मला बांधावरून गावभर ऐकू जाईल असा ओरडणारा नवरा परत हवा होता. तशात भाचा कंपनीच्या कामासाठी चीनला जाऊन आला आणि जिनसेंगची डबी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "आत्या, तिकडं लोक रश्शात उकळून खातात. लई ताकद येते. पण चिमूटभरच हां." चिमूट कसली? मी रोज दुधात चमचाभर पूड, वर रश्शात बोटाएवढा तुकडा. यांनी विचारलं तर ठोकून दिलं, सुंठ आहे. हे म्हणाले, "यंदाची सुंठ लई कडू निघाली."

डबी संपत आली म्हणून त्या रविवारी यांना घेऊन जुन्नरला गेले. एसटी चुकेल या घाईत यांच्या पोटात फक्त गोळी आणि माझं ते दूध, भाकरी राहिलीच. दुकानात मी उरलेला तुकडा पुढे केला. शेटजींनी हुंगला आणि चष्मा पुसला.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"गोळ्या?"

"एकपण न्हाई."

एवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. हे हरड्याच्या पोत्यावर बसले होते, घामानं निथळत. "कसंतरीच व्हतंय गं," म्हणाले. गादीवरून कधी न हलणारे शेटजी टुणकन उठले, आतून तांब्याभर साखरपाणी आणलं, स्वतःच्या हातानं पाजलं आणि माझ्याकडे वळले. "वहिनी, आता खरं बोला." मी सगळं ओकले. यांच्या तोंडावर रंग येईपर्यंत शेटजी जागचे हलले नाहीत. मग तो तुकडा पुडीत बांधला. "गोळी साखर उतरवते, ही मुळीपण उतरवते, वर पोट रिकामं. भाऊंना घेऊन नीट दवाखान्यात जा. डॉक्टरला ही मुळी दाखवा. तो हो म्हणेपर्यंत ती चुलीजवळ न्यायची नाही. आणि गोळी घेतली की भाकरी चुकवायची नाही." डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त मोठ्यानं.

आता शेटजी गुडघ्यांपायी थोरल्या मुलाकडे पुण्याला असतात. गल्ल्यावर धाकटी सून बसते. मागाल ते पाकीट हसतमुखानं देते, काही विचारत नाही. पाकीट घेऊनही मी उगाच क्षणभर उभी राहते, पोटात काय आहे ते कुणीतरी विचारेल म्हणून.

त्या रविवारी परतीच्या एसटीत मला रडू फुटलं. तुम्ही पहिल्यासारखं मळ्यात यावं म्हणून केलं हो, असं मी सांगून टाकलं. हे खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "आगं, त्याला मुळी कशाला? नुसतं 'चला' म्हनायचं व्हतं. रोज पायात चपला घालूनच बसायचो की ओट्यावर, तू हाक मारशील म्हनून."