अजानच्या आधीची दोन मिनिटं

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी मनगटावरच्या घड्याळाकडे जाते. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. रेवदंड्याच्या बाजूला खाडीकाठचं एक ठाणं माझ्याकडे होतं. रमजानचा महिना चालू होता. संध्याकाळी जेटीच्या रस्त्यावर एका पांढऱ्या टेम्पोनं सुकी मासळी विकणाऱ्या म्हातारीला उडवलं आणि न थांबता निघून गेला. म्हातारी दोन दिवसांनी अलिबागच्या इस्पितळात वारली. गाव तापलं.

जेटीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र थेट आमच्या ठाण्यात येत असे. टेम्पो स्पष्ट दिसत होता, नंबर दिसत नव्हता. कोपऱ्यात वेळ होती सात वाजून एक मिनिट. नाक्यावरच्या रजिस्टरात सातनंतर एकही पांढरा टेम्पो बाहेर गेल्याची नोंद नव्हती, म्हणजे गाडी गावातलीच. तेवढ्यात खबर आली, बर्फाच्या कारखान्याच्या टेम्पोचा बंपर फुटलाय.

त्या टेम्पोचा ड्रायव्हर सव्वीस वर्षांचा, गावातल्याच मुसलमान घरातला. आठ दिवसांनी त्याला नोकरीसाठी आखातात जायचं होतं, तिकीट हातात होतं. मी त्याचा पासपोर्ट पंचनामा करून जमा केला. बंपर जुना फुटलेला आहे, असं तो सांगत राहिला. त्याचं म्हणणं, त्या दिवशी त्यानं कारखान्यातच चौघांबरोबर रोजा सोडला आणि मग टेम्पो घेऊन मशिदीत गेला. चौघांनाही मी वेगवेगळं बसवून विचारलं. चौघांचा जबाब एकच. पण अजान होऊन रोजा सुटला सहा एक्कावन्नला आणि धडक सात एकला. मधल्या दहा मिनिटांत जेटी गाठणं सहज शक्य होतं. मशिदीत तो मागच्या रांगेत होता, त्याला पाहिल्याचं ठामपणे कोणी सांगेना. साक्षीदार खरं बोलत होते आणि तरी पोरगा अडकत चालला होता. मी रोज त्याला हजेरीला बोलवत होतो, आवाज चढवत होतो. खोटं सांगत नाही, म्हातारीला त्यानंच उडवलं अशी माझी खात्री झाली होती.

कोर्टासाठी फुटेजचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीची इंजिनियर पनवेलहून आली. पोरगी माझ्या लेकीएवढी. तिनं कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"चित्र खरं आहे असं लिहून देते, सर. वेळ खरी आहे असं नाही देणार."

मी चिडलो. ती शांतपणे समजावू लागली. कॅमेरा चित्राचे बारीक तुकडे करून पाकिटांसारखे पाठवतो. पाठवतो एकदाच. पुढे नेटवर्क त्याच्या प्रती करून आमच्या ठाण्याला, मच्छीमार सोसायटीला आणि बंदराच्या कचेरीला, तिघांना एकदम देतं. याला मल्टिकास्ट म्हणतात. पाकीट निघाल्याची वेळ त्याच्यावरच नेमकी घालता येते, पण इथे ती सोय चालूच केलेली नव्हती. त्यामुळे ज्याला पाकीट मिळेल तो आपल्या घड्याळाप्रमाणे वेळ टाकतो.

मला ठाण्याच्या भाषेत समजलं. एकच पत्र तीन कचेऱ्यांत गेलं, तिघांनी आपापला आवक शिक्का मारला आणि जावक नोंद कुठेच नाही. तिन्हीकडची चित्रं मागवली. तोच टेम्पो, तीच म्हातारी. आमच्याकडे सात एक, सोसायटीत सहा त्रेपन्न, बंदरावर सहा चव्वेचाळीस. वीज गेली-आली की रेकॉर्डरची घड्याळं भरकटत होती आणि ती पुन्हा जुळवणारं कोणी नव्हतं.

खरी कुठली, हे तिलाही सांगता येईना. चित्रात असं काही हवं की ज्याची वेळ बाहेरून ठाऊक आहे, असं ती म्हणाली. मी एसटीचं नाव घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. आमची एसटी वेळेवर आली तर लोक चौकशी करतात.

बोलताना फुटेज तसंच चालू राहिलं होतं. मी ते वीसेक वेळा पाहिलं असेल, पण दर वेळी टेम्पो दिसेनासा झाला की थांबवत होतो. या वेळी पुढे पाहिलं. लोक म्हातारीकडे धावले. जाळं विणणारे एक वृद्ध चाचा ओट्यावर होते. त्यांच्यानं उठवत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी दोन्ही हात उचलून दुआ मागितली आणि खजूर तोंडात टाकला. कोपऱ्यात सात वाजून तीन मिनिटं.

मी तडक जेटीवर गेलो. चाचांना विचारलं, त्या दिवशी रोजा उशिरा सोडलात का?

"अजान झाली तवाच सोडला. गाडी ठोकली ती अजानच्या आदी, साहेब. मी बसल्या बसल्या दुआ त्या बाईसाठीच मांगितली."

मशिदीच्या भोंग्यावरची तीच अजान बर्फाच्या कारखान्यातही ऐकू जाते. टेम्पो गेल्यावर दोन मिनिटांनी अजान झाली, आणि अजान झाली तेव्हा पोरगा चौघांत बसून खजूर खात होता. जेटीवरून कारखान्यात यायला टेम्पोला निदान पाच मिनिटं लागतात. आता कुठल्याच घड्याळाची गरज नव्हती.

नाक्याचं रजिस्टर पुन्हा उघडलं, या वेळी सातच्या आधीचं पान. हवालदारानं सहा छप्पन्नला एक पांढरा टेम्पो लिहिला होता, नंबरासकट. दुसऱ्या दिवशी तो तळा गावातल्या एका गॅरेजमध्ये सापडला, नवीन हेडलाईट बसवताना. ड्रायव्हरनं अर्ध्या तासात कबूल केलं.

पासपोर्ट द्यायला मी स्वतः त्या मुलाच्या घरी गेलो. त्याचं विमान तीन दिवसांपूर्वी सुटलं होतं आणि कंपनीनं जागा दुसऱ्याला दिली होती. त्याच्या आईनं पाणी दिलं. चूक माझी होती, असं मी त्याला सांगितलं. त्यानं पासपोर्ट उघडून पाहिला, मिटला.

"मी पयल्या दिवशीच बोललो व्हतो साहेब, अजान झाली तवा मी कारखान्यात व्हतो. तुमी मशीनला वीस येळा इचारलात. चाचा रोज तिथंच बसतात, त्यांना एकदा इचारायचा व्हता."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो लोकांना विचारलं असेल, तुला ही वेळ कशावरून माहीत? साक्षीदाराला हा प्रश्न विचारल्याशिवाय मी कधी सोडलं नाही. भिंतीवरच्या पडद्याला मात्र तो विचारायचं मला सुचलं नाही, आणि त्याची किंमत मी भरली नाही. तो पोरगा अजून बर्फाचा टेम्पो चालवतो.