शिर्केकाकांचा अर्ज

"बेन, शिर्केकाका गुजरी गया..." कारखान्यातल्या रमेशभाईंचा फोन आला तेव्हा मी रावपुऱ्यात घराखाली स्कूटर काढत होते. झोपेतच गेले म्हणे. त्याला आता दीड महिना होईल. खरं सांगते, पहिल्यांदा दुःख झालंच नाही. त्यांचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात तसाच पडून आहे, एवढंच डोक्यात आलं.

शिर्केकाका आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडिंगचे, म्हणजे तांब्याची तार गुंडाळतात त्या विभागाचे, फोरमन. राहायचे पाणीगेटला. पूर्वज इथल्या संस्थानाच्या फौजेत होते, आणि मिशीकडे बघून ते पटायचं. मी त्यांची मॅनेजर, वयानं वीस वर्षांनी लहान. दर शनिवारी पाळ्या लावण्याआधी ते एकेका मशीनपाशी जायचे. "बोल भाई, तने शुं जोइए?" कुणाला ओव्हरटाइम हवा असे, कुणाला मुलीच्या परीक्षेपुरती सवड. डभोईहून येणाऱ्या रमेशभाईंना बक्षीस नको, बढती नको, फक्त पहिली पाळी हवी. दुपारच्या बसनं परतून अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना जेवू घालायचं असायचं. "असं प्रत्येकाचं ऐकत बसलो तर कारखाना चालायचा कसा?" मी एकदा फणकाऱ्यानं म्हटलं. "न ऐकता चालतोय असं वाटतं, ताई. बंद पडला की कळतं." पहिली पाळी मिळाल्यावर त्या वर्षी रमेशभाईंनी एकही दांडी मारली नाही, तेव्हा कुठे मला पटलं.

अशा माणसाला वर न्यायचंच, असं मी ठरवलं. साहेबांशी भांडून प्लॅनिंगमधली जागा मिळवली. वरच्या मजल्यावर स्वतंत्र केबिन, एसी, पगारवाढ. सगळ्यांसमोर जाहीर केलं, पेढे वाटले. काकांनी पेढा नुसता हातात धरून ठेवला होता. टाळ्या वाजत होत्या आणि ते मान खाली घालून उभे... मला वाटलं, भारावले असतील.

चौथ्या दिवशी अर्ज आला. मला परत खाली पाठवा, एवढंच लिहिलेलं. मी भडकलेच. "काका, तुमच्यासाठी किती जणांशी वाईटपणा घेतलाय मी! आता कुठल्या तोंडानं सांगू?" ते दारातच उभे होते. "चूक माझीच, ताई. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुम्ही आधी एकदा विचारलं असतंत तर..." मी "बघू" म्हणून कागद खणात टाकला. पुढचे अकरा महिने ते दर शनिवारी माझ्या दारापाशी थबकायचे. मी घाईघाईनं फोन कानाला लावायचे, पलीकडे कुणी नसलं तरी. शनिवार आला की राग त्यांचाच यायचा. एका सहीचं काम होतं. माझा अहंकार आडवा आला, दुसरं काही नाही.

गेल्या आठवड्यात त्यांची केबिन रिकामी करायला रमेशभाईंना घेऊन गेले. मी हौसेनं निवडलेल्या खुर्चीवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. खालची मशीनं दिसतात त्या खिडकीशी मात्र एक लोखंडी स्टूल होतं, बसून बसून गुळगुळीत झालेलं. "आ तो नीचेनुं छे, बेन. काकाए मंगाव्युं हतुं," रमेशभाई म्हणाले. म्हणजे काकांनी ते खालून मागवून घेतलं होतं. मग स्टुलाला हात लावून त्यांनी विचारलं, "पाछुं लई जाउं?"

मी मान डोलावली. पाच मिनिटांत ते स्टूल खाली पोचलं. त्याला अर्ज करावा लागला नाही.