क्यू क्लासचा प्रवासी

विमान कंपनीवर माझा राग आहे आणि तो मी कधीही सोडणार नाही. कारण फक्त एक अक्षर आहे. क्यू.

मोबाइलला बटणं असायची त्या दिवसांतली गोष्ट. राहनाळला माझं कापडाचं गोदाम. एका लूमपासून, म्हणजे यंत्रमागापासून, सुरुवात करून इथवर आलो, तेही कुणाच्या ओळखीवर नाही, तोंडाच्या जोरावर. जुने लूम बघायला चीनच्या इतक्या फेऱ्या झाल्या, की विमान कंपनीने मला एक कार्ड दिलं. जितकं उडाल तितके माइल्स जमा! जमलेल्या माइल्सवर मागची सीट बदलून पुढची, आडवं होऊन झोपता येईल अशी बिझनेस क्लासची मिळते, असं सोबतच्या पुस्तिकेवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. (आत बारीक अक्षरांत काय छापलंय, ते कोण वाचतो?)

मुलगी लग्न होऊन सिंगापूरला गेली. तिच्याकडे जायचं निघालं तेव्हा माझी बायको वनिता म्हणाली, "मी न्हाय येत. पाच-सहा तास गुडघा दुमडून बसले, तर उतरताना मला चौघांनी उचलावं लागंल."

मी सगळ्या पाहुण्यांसमोर छाती ठोकली. "वनिताला मी झोपवून नेणार!"

"झोपवून न्यायला मी काय मेलेली हाय?"

सगळे खो खो हसले. पण शब्द तर गेला होता.

धामणकर नाक्यावर मुश्ताकभाईचं तिकिटांचं दुकान. त्याने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "शेठ, सस्ते में एकही सीट बची है. दूसरी महंगी पडेगी."

आता मी कापडवाला! आम्ही एकेका ताग्याचा भाव विचारत नाही, अख्खा लॉट उचलतो. "स्वस्त-महाग तुझ्याकडे ठेव. दोन्हीचा मिळून एक भाव बोल!"

दीड तास चाललं. चार कटिंग चहा झाले. मी दोनदा रागाने उठून दारापर्यंत गेलो. (हे करावंच लागतं. मात्र दारापर्यंतच!) शेवटी मुश्ताकभाईने आपलं कमिशन सोडलं आणि कपाळाला हात लावला. "शेठ, आप जीते."

मी रिक्षात शीळ घालत घरी आलो.

आठवड्याने आम्ही दोघं मुंबईला, कंपनीच्या ऑफिसात. काउंटरवरच्या मुलीने वरचं तिकीट, म्हणजे माझं, बघितलं आणि गोड हसली.

"सर, हे अपग्रेड होणार नाही. क्यू क्लास आहे."

"क्यू कसला? इकॉनॉमी आहे!"

"इकॉनॉमीतच वेगवेगळे क्लास असतात, सर. हा सगळ्यात स्वस्त. यावर माइल्स चालत नाहीत."

"सीट तीच ना?"

"हो सर."

"जेवण तेच? विमान तेच?"

"हो सर."

"मग हा क्यू आला कुठून?"

"तुम्ही तिकीट किती कमी भाड्यात घेतलंय, त्यावरून."

म्हणजे मुश्ताकभाईकडे मी जितका जिंकलो, तितकाच इथे हरलो! माझा आवाज चढला. इतका, की बाहेरचा वॉचमन आत आला आणि आतला मॅनेजर आणखी आत गेला. मी टेबलावर हात आपटणार, तेवढ्यात वनिताने माझी बाही ओढली.

"अवो, बसा खाली. मी न्हाय गेले तरी चालंल. पोरीला सांगू, गुडघा लई दुखतो."

ती हे इतकं हळू बोलली, की मी खरंच बसलो. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती पुस्तिका उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा बारीक अक्षरं वाचली.

पाचव्या पानावर डोक्यात उजेड पडला. एकाच लूमवरचं, एकाच सुताचं कापड. एका ताग्यावर 'फ्रेश'चा शिक्का, दुसऱ्यावर 'सेकंड'चा. शर्ट दोन्हीचा होतो. पण सेकंडचा माल स्वस्तात नेलास, तर बदलून मिळणार नाही, हे मीच गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलो होतो! क्यू म्हणजे सेकंड. आणि आज गिऱ्हाईक मी!

पुढच्या पानावर कोणती अक्षरं चालतात त्यांची यादी होती. वाय, बी, एम. त्याखाली लिहिलं होतं, घरच्या माणसाचं नाव नोंदवून माइल्स त्याला वापरता येतात. मी ताडकन उठलो. मिळून भाव केला, म्हणजे लॉटमध्ये माल मिक्स असणारच! वनिताचं तिकीट ओढून बघितलं. एम!

"मॅडम! खालचा तागा उघडून बघितलात का?"

"काय, सर?"

"दुसरं तिकीट! एम आहे! पान सहा वाचा! बायकोचं नाव नोंदवा!"

तिने बघितलं. पान सहाही बघितलं. मॅनेजर हळूच बाहेर आला. "सर, यांचं होईल. तुमचं मात्र..."

"माझं गेलं उडत! यांचं करा!"

शिक्का बसला. मी वॉचमनलासुद्धा हात मिळवला.

विमानात वनिता पुढे जायला तयार होईना. "मी एकटी न्हाय बसायची." मी तिला अक्षरशः ढकललं. मग पडद्याच्या फटीतून बघितलं, तर बाईसाहेब पाय लांब करून, पांघरूण ओढून आडव्या! सगळा शीण गेला.

माझी सीट शेवटच्या रांगेत, संडासाला लागून. गुडघे हनुवटीला. दोन तासांनी हवाईसुंदरी एका बशीत चॉकलेटं घेऊन आली. "सर, आगेवाली मॅडम ने भेजा है. पूछ रही हैं, पीछे सब ठीक है ना?"

माझी छाती इतकी फुगली, की शेजारच्या नाशिककर गृहस्थांना कोपर लागलं. मी त्यांना म्हणालो, "ती पुढे झोपलीय ना बिझनेस क्लासमध्ये, ती माझी बायको!"

त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्यांकडे. "मग तुम्ही इथे कसे?"

"मी भाव करून आलोय."