अण्णांच्या गाडीचे टॅपेट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आता सांगतोय तेही मराठीत लिहून, कारण तंजावूरच्या आमच्या घरात देवनागरी वाचणारा मी एकटाच उरलोय. म्हणजे बघा — कबूल करायला बसलो तरी आधी दाराला कडी लावूनच. इतका मी भित्रा आहे.

अण्णा माझे थोरले भाऊ. राजवाड्यामागच्या गल्लीत ते, वहिनी, त्यांचा मुलगा आणि मी एकत्र राहतो. अण्णांची एक जुनी पेट्रोल गाडी, तिच्यावर त्यांचा भारी जीव. तिचं काम कायम सेल्वम मेकॅनिककडे. मी मात्र निवृत्त झाल्यावर फोनवर व्हिडिओ बघून स्वतःला अर्धा इंजिनिअर समजायला लागलो होतो. एकदा सेल्वमनं टॅपेट जुळवून गाडी परत दिली, तरी इंजिनाची हलकी टकटक ऐकू यायची. मला ती खटकली. मी करतो की, म्हटलं. अण्णा हसले आणि टॉर्च धरून शेजारी उभे राहिले.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. इंजिनातला वाल्व आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यात अगदी बारीक फट ठेवायची असते. लोखंड तापलं की वाढतं, त्याला जागा लागते. मोजायचं पातळ पोलादी पातं त्या फटीतून जरा अडखळत सरकलं की काम बरोबर. ते पातं माझ्याकडे होतं. मी ते बाजूला ठेवलं आणि कानावर विसंबून, टकटक थांबेपर्यंत स्क्रू आवळत गेलो. गाडी अशी गप्प झाली की ती चालू आहे हे हात लावून बघावं लागलं. वहिनी तेव्हा शाळेत होत्या. अण्णांनी माझी पाठ थोपटली.

फट नसली की वाल्व पुरता मिटत नाही आणि त्याची कड जळत जाते. पुढे सिग्नलला उभी असताना गाडी हिवताप आल्यासारखी थरथरायची, मध्येच ठोका चुकवायची. मला कळलं नाही असं म्हणू का? कळलं होतं. अण्णा म्हणायचे, सेल्वमला दाखवू. मी म्हणायचो, पेट्रोल खराब असेल. सेल्वमनं झाकण उघडलं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं — बस, एवढ्यासाठी.

मग पापनाशमला एक लग्न होतं. पंगतीत अण्णांचा उजवा हात केळीच्या पानावर तसाच पडला, तोंड वाकडं झालं. ॲम्ब्युलन्सची वाट कशाला बघायची, असं मीच म्हणालो. वहिनी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. तंजावूरच्या रस्त्याला लागलो आणि इंजिनानं दम टाकला. ॲक्सिलरेटर तळाला टेकला होता आणि सायकलवाले पुढे जात होते. मला त्या थरथरीतून नेमकं कळत होतं काय जळलंय ते. भाताच्या शेतांमध्ये गाडी बंद पडली. मी किल्ली फिरवत राहिलो, पण ती परत सुरू झाली नाही.

शेवटी एका टेम्पोवाल्यानं आम्हाला नेलं. थोडं आधी आणायला हवं होतं, डॉक्टर एवढंच म्हणाले. अण्णा वाचले, पण वाचा गेली. समजतं सगळं, बोलता येत नाही.

घरी आणल्यावर सेल्वम फळं घेऊन भेटायला आला. त्याच्यासमोरच वहिनींनी विचारलं, गाडीला झालं काय होतं? आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांची एक सवय आहे — परक्यासमोर खासगी बोलायचं तर मराठीत, आणि चेहरा हसरा ठेवून. बाजारात भाव करताना, मुलगी बघायला गेल्यावर, लहानपणापासून हेच. मी तसाच हसत म्हणालो, "ह्यानंच अस्के पेच आवळून ठेवले, वहिनी. म्हणून गाडी अडकली." अस्के म्हणजे आमच्या बोलीत सगळे.

"सर काय म्हणतात?" सेल्वमनं तमिळमध्ये विचारलं.

कॉफी घेणार का विचारतोय, असं मी त्याला सांगितलं. त्यानं वहिनींना हात जोडून, नको अम्मा, म्हटलं. वहिनींनी तोंड फिरवलं. अण्णा खाटेवरून माझ्याकडे बघत होते.

ही गोष्ट पसरली आणि ओळखीच्या मराठी घरांनी सेल्वमकडे जाणं सोडलं. का, ते त्याला कुणी सांगितलं नाही. रस्त्यात भेटला की तो अजून अण्णांची चौकशी करतो.

पण मी लिहायला बसलो ते एवढ्यासाठी नाही. आता पुढचं — सांगू ना?

अण्णांना बोलायला शिकवणाऱ्या बाई तमिळ. त्या म्हणाल्या, यांच्याशी यांच्या घरच्या भाषेत रोज सराव करा, खंड पडला तर आलेलंही जाईल. वहिनी दिवसभर शाळेत शिकवतात. मुलाला मराठी समजते, पण तो उत्तर तमिळमध्येच देतो. म्हणून सराव माझ्याकडे आला. सुरुवातीला मी मनापासून केला. अण्णा "पाणी" म्हणाले, तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून रडल्या.

मग एका दुपारी अण्णांनी माझ्याकडे रोखून बघत ओठ जुळवले. टा — टा — असं काहीतरी. डावं बोट अंगणातल्या गाडीकडे, मग माझ्याकडे. ते टॅपेट म्हणत होते की आणखी काही? मी विचारलं नाही. मी उठून रेडिओ लावला.

तेव्हापासून सरावाच्या वेळी मी दार लोटून घेतो आणि पेपर वाचत बसतो. त्यांनी तोंड उघडलं की रेडिओचा आवाज वाढवतो. वहिनी आल्या की सांगतो, आज लवकर थकले. तुम्ही आहात म्हणून निभतंय भाऊजी, असं त्या म्हणतात, आणि अण्णा ते ऐकत असतात. त्यांना बोलता येऊ नये, असं मला वाटतं. रोज वाटतं.

"पाणी" आता त्यांना म्हणता येत नाही. ते तांब्याकडे बोट दाखवतात, आणि मी उठून देतो.