लग्नातल्या धोतराची वात

कापडाची पारख अंगावर घालून नव्हे, पाण्यात बुडवून करावी असे मानणारा माणूस अख्ख्या वडनेर भोलजीत एकच होता, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू.

हे वेड त्यांना एका वैशाखात जडले. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची बहीण, लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी चाळीस दिवस सोनाळ्याला निघाली. अंगणातल्या कुंडीतला मोगरा दाखवून म्हणाली, "वावरात गेले का तुमाले जेवाचं ध्यानात राहत नाही, याले पानी काय घालसान? मी येईलोक वाळलाच समजा." साडू एवढेच म्हणाले, "नाही वाळनार." माझ्या बायकोने पाणी घालायची तयारी दाखवली, तर मला म्हणाले, "साडभाऊ, शब्द म्या देल्ला हाय."

रॉकेलचा डबा अर्धा कापून त्यात पाणी भरले, वर कुंडी ठेवली आणि तिच्या बुडाच्या छिद्रातून कापडाची जाड वात पाण्यात सोडली. माती हवे तेवढे पाणी वातीतून ओढून घेईल, हा हिशेब. वात नव्या कोऱ्या मांजरपाटाची होती. तिसऱ्या दिवशी डब्यातले पाणी तसेच आणि मोगऱ्याने माना टाकलेल्या. कोऱ्या कापडाला खळ असते आणि ती पाणी चढू देत नाही, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. तांब्याभर पाणी हाताने घालावे लागले, ते त्यांच्या मनाला फार लागले.

मग त्यांनी परीक्षाच मांडली. निरनिराळ्या कापडांच्या पट्ट्यांची टोके पाण्यात सोडायची आणि तासाभराने ओल किती चढली ते मी फुटपट्टीने मोजायचे. मांजरपाट अर्धा इंच, माझा पंचा अडीच. तो पंचा मला परत मिळाला नाही. आल्यागेल्या पाहुण्याच्या धोतराचा सोगा चिमटीत धरून ते विचारत, "किती सालाचं?" एकाने ऐटीत सांगितले, "औंदाच घेतलं." "मंग काही कामाचं नाही," म्हणून साडूंनी सोगा सोडून दिला.

पाचव्या दिवशी नवी वात बसली. कुठल्या कापडाची, ते त्यांनी सांगितले नाही. बसवण्याआधी मी मोजली, तासाभरात ओल चार इंच चढली होती.

अक्का परतली ती थेट कुंडीपाशी. सतरा कळ्या होत्या. तिने कळ्या पाहिल्या, मग वाकून डब्यात पाहिले. वातीला तांबडा काठ होता.

"लग्नातलं धोतर फाडलं काऊन?"

"तूच तं धू-धू मऊ केलं त्याले. एवढं पानी दुसरं कोनतंच कापड वढत नाही."

अक्काने पिशवी खाली ठेवली आणि कुंडीपाशीच बसली.

पुढे मीही घरी तशीच कुंडी केली. वातीला माझे लग्नातलेच धोतर फाडले आणि चारदा मोजले. साडेतीन इंचांच्या वर ओल चढत नाही. उरलेला अर्धा इंच कुठे गेला, हे बायकोला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.